निकालाच्या दिवशी सर्व्हर काय लिहून ठेवतो?

दहावीचा निकाल लागला की डोंबिवली लोकलमध्ये उभी असलेली आई आणि परळच्या चाळीतला तिचा भाचा एकाच मिनिटाला एकच पान उघडतात. सर्व्हर दोघांनाही उत्तर देतो आणि प्रत्येक विनंतीमागे ॲक्सेस लॉगमध्ये, म्हणजे आपल्या नोंदवहीत, एक ओळ लिहितो. त्या ओळीत आयपी पत्ता (विनंती ज्या जोडणीवरून आली तिचा क्रमांक), तारीख-वेळ (भारतीय वेळ असेल तर शेवटी +०५३०), मागितलेल्या पानाचा पत्ता, उत्तराचा आकडा आणि पाठवलेले बाइट असतात. १९९५ साली आलेल्या अपाची या सर्व्हर-सॉफ्टवेअरने ही मांडणी एनसीएसए या अमेरिकी संगणक केंद्राच्या आधीच्या सर्व्हरकडून घेतली, आणि ती आजही चालते.

आकड्यांतून गर्दीचा हाल कळतो. २०० म्हणजे पान मिळालं, ५०३ म्हणजे सर्व्हरला झेपलं नाही. इंजिन-एक्स या दुसऱ्या सर्व्हर-सॉफ्टवेअरचा स्वतःचा एक आकडा आहे, ४९९: उत्तर येण्याआधीच समोरच्याने जोडणी तोडली. निकालाच्या दिवशी मी तिथे असेन तर आधी हाच आकडा बघेन, कारण वाट पाहून थकलेली माणसं तिथे दिसतात. मात्र ओळ लिहिली जाते ती काम संपल्यावर. अडकून पडलेली विनंती तोवर लॉगमध्ये दिसतच नाही.

आयपी पत्ता म्हणजे माणूस, असंही धरून चालत नाही. मोबाइल कंपन्या एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. म्हणून ‘एका पत्त्यावरून फार विनंत्या आल्या, अडवा’ असा नियम लावला, तर अख्ख्या डब्यातली निरपराध मुलं अडतील.

आता सगळ्यात काळजीची गोष्ट. आपल्याकडे निकालासाठी आसन क्रमांक आणि आईचं नाव भरावं लागतं. एखाद्या फॉर्मने ही माहिती ‘गेट’ पद्धतीने पाठवली, तर ती पानाच्या पत्त्यातच जोडली जाते आणि जशीच्या तशी लॉगमध्ये उतरते. ‘पोस्ट’ने पाठवली तर ती विनंतीच्या पोटात जाते, आणि पोटातला मजकूर सर्व्हर सहसा लिहीत नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात. हल्ला झाला तर माग काढायला ते हवेतच. पण पत्त्यात जोडलं गेलेलं मुलांच्या आयांचं नावही मग तेवढेच दिवस तिथे राहतं, आणि लॉग उघडू शकणाऱ्या प्रत्येकाला वाचता येतं. फॉर्म बनवणाऱ्याला ते टाळायला एकच शब्द बदलावा लागतो: ‘गेट’च्या जागी ‘पोस्ट’.