थायलेरिया ॲन्युलाटा : जनुकीय विविधता

थायलेरिया ॲन्युलाटा हा गोवंशातील जनावरांच्या रक्तात राहणारा एकपेशीय परजीवी असून त्याच्यामुळे होणाऱ्या रोगास उष्णकटिबंधीय थायलेरियोसिस म्हणतात. दक्षिण युरोप व उत्तर आफ्रिकेपासून मध्यपूर्व आणि मध्य आशियामार्गे भारत व चीनपर्यंतच्या पट्ट्यात तो आढळतो. झुंकॉव्हस्की व लूस यांनी १९०४ मध्ये ट्रान्सकॉकेशियातील गुरांच्या रक्तात त्याचे प्रथम वर्णन केले. लालपेशींतील त्याच्या अंगठीसारख्या आकारावरून ‘ॲन्युलाटा’ हे जातिनाम पडले, तर ‘थायलेरिया’ या प्रजातीला दक्षिण आफ्रिकेत कार्य केलेले स्विस वंशाचे पशुवैद्यक आर्नोल्ड थायलर यांचे नाव मिळाले. सूक्ष्मदर्शकाखाली या जातीचे सर्व परजीवी सारखेच दिसतात. त्यांच्यातील भेद जनुकांच्या पातळीवरच कळतात आणि रोगाची तीव्रता, लशीचा उपयोग व औषधाचा परिणाम समजून घेताना हे भेद जमेस धरावे लागतात.

ही विविधता कोठून येते हे परजीवीच्या जीवनचक्रावरून स्पष्ट होते. हायलोमा वंशाची गोचीड जनावराला चावते तेव्हा तिच्या लाळेतून बीजाणुज, म्हणजे परजीवीची संसर्ग करणारी रूपे, शरीरात शिरतात आणि महाभक्षी पेशी व बी-लसिकापेशी या पांढऱ्या रक्तपेशींत वाढू लागतात. परजीवी या पेशींना कर्कपेशींप्रमाणे अखंड विभाजन करावयास लावतो आणि पेशी दुभंगताना स्वतःही दोन्ही कन्यापेशींत वाटला जातो. पुढे त्यातून बाहेर पडणारे मेरोझॉइट लालपेशींत शिरून पायरोप्लाझ्म अवस्थेत राहतात. जनावराच्या शरीरातील ही सर्व वाढ अलैंगिक असते आणि परजीवी एकगुणित असतो, म्हणजे प्रत्येक जनुकाची एकच प्रत त्याच्याजवळ असते. गोचिडीने रक्त शोषल्यावर मात्र तिच्या आतड्यात युग्मके तयार होतात, त्यांचे मीलन होते आणि अल्पकाळ टिकणाऱ्या द्विगुणित युग्मनजात जनुकांची फेरजुळणी होते. हा परजीवी गोचिडीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जात नाही. डिंभ किंवा अर्भकावस्थेतील गोचीड रक्तातून संसर्ग घेते व कात टाकल्यानंतरच्या अवस्थेत तो दुसऱ्या जनावराला देते. त्यामुळे एका जनावरातून दुसऱ्यात जाणारा प्रत्येक वंश लैंगिक अवस्थेतून गेलेला असतो.

या मीलनातून नवे काही निर्माण होईल की नाही, हे त्या जनावराच्या रक्तात किती प्रकारचे परजीवी होते यावर अवलंबून असते. रक्तात एकाच कृत्तकाचे (एकाच पूर्वजापासून झालेल्या, जनुकीयदृष्ट्या सारख्या समूहाचे) परजीवी असतील तर मीलन स्वतःशीच होते आणि जनुकांचा तोच संच पुढे जातो. दोन किंवा अधिक कृत्तक असतील तरच त्यांच्या जनुकांची सरमिसळ होते. जेथे गोचिडी मुबलक असतात आणि जनावरांना पुनःपुन्हा संसर्ग होतो, तेथे मिश्र संसर्ग ही अपवादाची नव्हे तर नित्याची स्थिती असते. आजारातून उठलेले जनावर दीर्घकाळ वाहक राहते व त्याच्या रक्तातील परजीवींचा साठा नव्या संसर्गांनी वाढत जातो. ट्युनिशियातील अभ्यासात जनावराचे वय आणि त्याच्या रक्तातील परजीवी-प्रकारांची संख्या यांत सहसंबंध दिसला, तो यामुळेच. लक्षणे न दाखवणारी प्रौढ गाय या दृष्टीने आजारी वासरापेक्षा महत्त्वाची ठरते, कारण सरमिसळीचा कच्चा माल तीच गोचिडीला पुरवते.

विविधतेच्या मोजणीची साधने काळानुसार बदलत गेली. ट्युनिशियातील नमुन्यांवर १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विकरांचे प्रकार, प्रतिजने (प्रतिकारशक्ती ज्यांना ओळखते ते परजीवीचे घटक) व डीएनएतील फरक यांच्या आधारे एकाच नमुन्यात अनेक प्रकारचे परजीवी असल्याचे दाखवण्यात आले. त्यानंतर मेरोझॉइटच्या पृष्ठभागावरील टॅम्स-१ या प्रथिनाच्या जनुकाकडे लक्ष वळले. या जनुकात विलक्षण बदल आढळतात आणि ते बदल टिकून राहण्यामागे यजमानाच्या प्रतिकारशक्तीचा दाब असल्याची चिन्हे आहेत. मात्र दूरदूरच्या देशांतील नमुन्यांतही टॅम्स-१चे मिळतेजुळते प्रकार सापडतात, त्यामुळे त्यावरून परजीवीचा भौगोलिक उगम सांगता येत नाही. केवळ या एका जनुकाचा वंशवृक्ष काढून एखाद्या प्रदेशातील परजीवींची ‘विविधता’ ठरवण्याची पद्धत अद्याप रूढ असली तरी तिची मर्यादा ओळखणे आवश्यक आहे : निवडीच्या दाबाखालील जनुक स्वतःचा इतिहास सांगते, संपूर्ण समष्टीचा, म्हणजे तेथील सर्व परजीवींचा, नव्हे. जाती ओळखण्यासाठी वापरले जाणारे १८-एस रायबोसोमी आरएनएचे जनुक याच्या उलट टोकाला आहे. ते जातीअंतर्गत इतके स्थिर असते की अंतर्गत भेद दाखवण्यास अपुरे पडते.

या कोंडीतून वाट २००५ मध्ये निघाली. त्या वर्षी अंकारा येथून मिळवलेल्या परजीवीच्या एका कृत्तकाचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. सुमारे ८३.५ लाख आधारजोड्यांचा हा संच चार गुणसूत्रांत विभागलेला असून त्यात प्रथिनांची सुमारे ३,८०० जनुके आहेत. त्याचा शोध घेऊन लहान पुनरावृत्त क्रमांचे, म्हणजे मायक्रोसॅटेलाइट व मिनिसॅटेलाइटचे १० दर्शक (ओळखखुणा) निवडण्यात आले आणि २००७ मध्ये ट्युनिशिया व तुर्कस्तान येथील परजीवींची त्यांच्या आधारे तुलना झाली. परजीवी एकगुणित असल्याने अशा चाचणीचे वाचन सोपे असते : एका दर्शकाच्या जागी दोन किंवा अधिक विकल्प, म्हणजे त्या क्रमाची वेगवेगळी रूपे, दिसले, तर नमुन्यात किमान तितके कृत्तक आहेत असे समजावे. या तुलनेत दोन्ही देशांतील परजीवी एकमेकांपासून स्पष्टपणे वेगळे निघाले, परंतु देशांतर्गत दर्शकांचे विकल्प बव्हंशी परस्परांशी निगडित नसल्याचे, म्हणजे मुक्त संकराशी सुसंगत चित्र दिसले. टॅम्स-१ने जो भौगोलिक भेद झाकला होता, तो तटस्थ, म्हणजे निवडीच्या दाबाबाहेरच्या, दर्शकांनी असा उघड केला.

लशीच्या बाबतीत हा विषय व्यावहारिक बनतो. या रोगावरील प्रचलित लस म्हणजे परजीवीग्रस्त पेशी प्रयोगशाळेत दीर्घकाळ वाढवून सौम्य केलेला जिवंत परजीवी होय. भारत, तुर्कस्तान, इराण, इझ्राएल, चीन आदी देशांनी आपापल्या पेशीवंशांपासून अशा लशी बनवल्या आहेत. संवर्धनात वेगाने वाढणारा प्रकार इतरांना मागे टाकतो, त्यामुळे आरंभी मिश्र असलेला पेशीवंश पुढे एखाद-दुसऱ्याच कृत्तकाचा उरू शकतो. तरीही या लशी भिन्न प्रकारच्या परजीवींपासून बऱ्यापैकी, जरी पूर्णतः नव्हे, संरक्षण देतात. थायलेरिया पार्वा या पूर्व आफ्रिकेतील जातीशी तुलना केल्यास हे वैशिष्ट्य ठळक होते. तेथे एका प्रकाराने दिलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यापुढे अनेकदा तोकडी पडते, म्हणून मुगुगा, किआंबू-५ आणि सेरेंगेटी या तीन परजीवी-साठ्यांचे ‘मुगुगा मिश्रण’ वापरले जाते. नंतरच्या जनुकीय तपासणीत मुगुगा व सेरेंगेटी हे दोन साठे जवळजवळ एकसारखेच निघाले, त्यामुळे मिश्रणातील खरी विविधता नावांवरून वाटते तितकी नाही. थायलेरिया ॲन्युलाटामध्येही प्रतिकारशक्तीच्या नजरेत येणारी प्रथिने एकसारखी राहत नाहीत. सीडी-८ प्रकारच्या टी-पेशी (संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) ओळखतात त्या टीए-९ या प्रतिजनात मोठी बहुरूपता आढळली असून तीही प्रतिकारशक्तीच्या दाबाने घडली असावी असे दिसते. घटकलशीसाठी, म्हणजे जिवंत परजीवीऐवजी त्याच्या निवडक घटकांपासून बनवायच्या लशीसाठी, एकच प्रतिजन निवडण्यात हीच मुख्य अडचण आहे.

औषधप्रतिकार हे जनुकीय विविधतेचे सर्वांत जलद दिसणारे रूप होय. ब्युपार्वाक्वोन हे रोगावरील प्रमुख औषध परजीवीच्या कणसूत्रातील (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातील) सायटोक्रोम-बी या प्रथिनाला अडवते. ट्युनिशियात औषधास दाद न देणाऱ्या जनावरांतील परजीवींमध्ये या जनुकाच्या औषध-बंधन स्थळाजवळ उत्परिवर्तने आढळल्याचे नोंदवले गेले. इराण, तुर्कस्तान व सुदान येथेही अशी उत्परिवर्तने सापडली. २०१५ मध्ये टीए-पिन-१ या दुसऱ्या प्रथिनाचा संबंध उघड झाला. परजीवी हे प्रथिन यजमान पेशीत सोडतो आणि तिच्या अखंड विभाजनाला त्याची मदत होते. प्रतिरोधी परजीवींत या प्रथिनाच्या ५३व्या स्थानी ॲलनिनऐवजी प्रोलिन आढळले. औषधोपचारानंतर उरलेले असे परजीवी वाहक जनावरात टिकले, तर पुढच्या हंगामात गोचिडीच्या आतड्यात त्यांच्या जनुकांची इतर कृत्तकांच्या जनुकांशी सरमिसळ होते, आणि प्रतिकाराचे उत्परिवर्तन मूळच्या एका वंशापुरते न राहता स्थानिक परजीवींच्या अनेक जनुकीय पार्श्वभूमींवर जाऊन बसू शकते.