कृपा (ख्रिस्ती धर्मसंकल्पना)

अंगी कोणतीही पात्रता नसलेल्या, किंबहुना अपात्र असलेल्या माणसाला देव आपण होऊन जवळ करतो आणि तारतो. या देवदत्त औदार्याला ख्रिस्ती धर्मशास्त्रात ‘कृपा’ म्हणतात. दया व कृपा हे शब्द अनेकदा जोडीने येतात, पण दयेची नजर दुःखावर असते. कृपेत मुद्दा योग्यतेचा असतो.

बायबलच्या जुन्या करारात या अर्थाच्या जवळ जाणारे दोन हिब्रू शब्द आहेत. ‘हेन’ म्हणजे वरिष्ठाची मर्जी. ती एखाद्याच्या ‘डोळ्यांत सापडते’, अशी हिब्रूतली बोलण्याची रीत असून मराठी ‘कृपादृष्टी’ तिला चपखल बसते. ‘हेसेद’ म्हणजे करार पाळणारे अढळ प्रेम. नव्या करारातील ग्रीक शब्द ‘खारिस’. तो मत्तय व मार्क यांच्या शुभवर्तमानांत एकदाही येत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात फक्त प्रस्तावनेत येतो. त्याला सिद्धांताचे वजन दिले ते प्रेषित पौलाने आपल्या पत्रांत. ग्रीक-रोमन समाजात खारिस म्हणजे उपकार आणि त्याची जाण, असे दोन्ही. उपकार माणूस पारखून करावा, हा तिथला रूढ संकेत. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला (रोम. ५:८), हे पौलाचे विधान नेमके या संकेताच्या उलट जाते.

येशूच्या दाखल्यांत शब्द नसला तरी आशय आहे. द्राक्षमळ्याचा धनी दिवस कलल्यावर, अकराव्या तासाला, काही मजूर लावतो आणि मजुरी वाटताना त्यांनाच आधी बोलावून पुरा एक दिनार देतो (मत्तय २०). दिवसभर उन्हातान्हात राबलेले कुरकुरतात. त्यांना ठरलेला दिनार पुरेपूर मिळालेला असतो, हे लक्षात घ्यावे. धनी कोणाचे काही बुडवत नाही. त्यांना खुपतो तो त्याचा चांगुलपणा.

कृपेच्या सिद्धांताची पद्धतशीर मांडणी उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीनने (३५४–४३०) केली. माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने देवाच्या आज्ञा पाळू शकतो, असे मानणाऱ्या पेलेजियसशी झालेल्या वादातून ती जन्मली, असे पुष्कळदा लिहिले जाते, परंतु सुमारे ३९६ मध्ये मिलानच्या सिंप्लिशियन या धर्मगुरूला लिहिलेल्या उत्तरांतच, माणसाजवळचे सारे काही मिळालेलेच असते (१ करिंथ. ४:७), या वचनावर त्याने आपले मत उभारलेले दिसते. त्यामुळे वादाने ते धारदार झाले, एवढेच म्हणणे अधिक सयुक्तिक. पेलेजियस बहुधा ब्रिटनचा. ‘तू आज्ञा करतोस ते दे, आणि हवी ती आज्ञा कर’ ही ऑगस्टीनची प्रार्थना ऐकून तो संतापला, असे ऑगस्टीननेच नोंदवले आहे. माणसाची जबाबदारीच यातून नाहीशी होते, ही पेलेजियसची खरी तळमळ होती.

या वादात भाषांतराचाही भाग आहे. रोम. ५:१२ मधील ‘एफ हो’ या ग्रीक शब्दांचा अर्थ आज बहुतेक अभ्यासक ‘कारण’ असा घेतात: मरण सर्वांवर आले, कारण सर्वांनी पाप केले. लॅटिन पाठात ‘इन क्वो’ असल्याने ऑगस्टीनने ‘ज्याच्यात’, म्हणजे आदामात, सर्वांनी पाप केले असे वाचले. व्याकरण पहिल्या अर्थाच्या बाजूचे आहे. मात्र आद्य पापाची, म्हणजे आदामाचे पाप सर्व माणसांत जन्मतःच उतरते ही, त्याची कल्पना या एकाच शब्दावर उभी नव्हती. पापक्षालनाचा बाप्तिस्मा बालकांनाही देण्याच्या प्रथेचाही तिला आधार होता.

कार्थेजच्या परिषदेने (४१८) पेलेजियसची मते नाकारली. ऑरेंजच्या दुसऱ्या परिषदेने (५२९) श्रद्धेचा आरंभही कृपेनेच होतो असे ठरवले, पण कोणी नाशासाठी पूर्वनियोजित असतो हे मान्य केले नाही. पूर्वेकडील चर्चमध्ये हा वाद तितका पेटला नाही. तिथे कृपा म्हणजे माणसाला आपल्या जीवनात सहभागी करणारी देवाची शक्ती.

प्रॉटेस्टंट सुधारणेचा प्रणेता मार्टिन ल्यूथर याच्या मते कृपा म्हणजे देवाची प्रसन्नता, आणि तिच्यामुळे विश्वास ठेवणारा नीतिमान गणला जातो. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने (१५४७) कृपा माणसाला आतून पालटते आणि तो तिला संमती देऊन सहकार्य करतो, असे प्रतिपादले. ही संमती कोठून येते, यावर डोमिनिकन व जेझुइट या कॅथलिक संघांतील विद्वान इतके झगडले, की १६०७ मध्ये पोप पाचवा पॉल याने निकाल न देताच चर्चा थांबवली. पुढे मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने माणसाच्या होकाराआधी येणाऱ्या, सर्वांना लाभणाऱ्या ‘पूर्वगामी कृपे’वर भर दिला.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च व ल्यूथरन जागतिक संघ यांनी माणूस नीतिमान कसा ठरतो याविषयीच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: देवाकडून आपला स्वीकार होतो तो केवळ कृपेने, आपल्या कोणत्याही पुण्याईने नव्हे. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनच्या परंपरेतील) चर्चचा संघ त्यात सामील झाला.