धाकट्यासाठी ठेवायचे कपडे : बांधून ठेवण्यापूर्वी वाचावे

थोरल्या भावंडाला लहान झालेले कपडे आणि त्याच्या वस्तू धुऊन, दुरुस्त करून धाकट्यासाठी नीट बांधून देणे हा आमचा व्यवसाय आहे. या कामात एक प्रश्न आम्हांला सतत विचारला जातो : "कपडे स्वच्छ धुऊनच ठेवले होते, मग हे पिवळे डाग आले कुठून?" कपडे मधल्या काळात आमच्याकडे ठेवलेले असतील, तर प्रश्नाचा रोख साहजिकच आमच्यावर असतो. त्यामुळे या डागांचे कारण आणि ते टाळण्याची रीत येथे सविस्तर दिली आहे.

आईचे दूध असो वा पावडरचे, त्यात प्रथिने आणि स्निग्धांश असतात. नेहमीच्या धुण्यात त्यांचा बराचसा भाग निघून जातो. परंतु धाग्यांच्या आत एक पातळ थर उरतो आणि तो रंगहीन असल्यामुळे धुतलेल्या कपड्यावर दिसत नाही. असा कपडा काही महिने घडी घालून ठेवला, की उरलेल्या स्निग्धांशावर हवेतील ऑक्सिजनची क्रिया होत राहते आणि तो हळूहळू पिवळा पडतो. म्हणजे डाग पहिल्या दिवसापासून होताच, रंग तेवढा मागाहून चढला. हे डाग बहुधा झबल्याचा गळा, छातीचा भाग, बाह्यांची टोके आणि लाळेरी यांवरच का उमटतात, याचे उत्तरही यातच आहे; कपाटातल्या किंवा आमच्या खोलीतल्या दोषामुळे ते आले असते, तर पाठीवरही तितकेच आले असते.

आता त्या चुकीबद्दल, जिच्यापायी आमचा सर्वांत अधिक वेळ जातो. कपडे वर्ष-दोन वर्षे ठेवायचे म्हणून पुष्कळ घरांतून ते कडक इस्त्री करून, काही वेळा खळ देऊनही आणले जातात. हेतू चांगला असला तरी इस्त्रीच्या उष्णतेने उरलेली प्रथिने धाग्यावर घट्ट बसतात आणि जो डाग एका भिजवणीत निघाला असता, तो पुन्हा पुन्हा भिजवूनही पुसटसा राहतोच. पहिल्याच धुण्याला कढत पाणी वापरल्यानेही हेच होते. खळीचा तोटा निराळा आहे : पिष्टमय पदार्थावर कसर जगते आणि खळ दिलेल्या कपड्याला ती लवकर लागते. म्हणून आमची विनंती अशी, की कपडे इस्त्री न करता, खळ न देता आणि शक्यतो ज्या आठवड्यात ते बाळाला लहान झाले त्याच आठवड्यात आमच्याकडे द्यावेत. चुरगळलेले कपडे आणून देण्यात संकोच मानू नये. आमच्या दृष्टीने ते अधिक सोयीचे असतात.

घरीच धुवायचे असल्यास प्रथम थंड पाण्यातून खळबळून काढावेत. मग विकरे, म्हणजे एन्झाइम, असलेल्या धुलाई पावडरीच्या कोमट पाण्यात काही तास किंवा रात्रभर भिजत ठेवावेत. यांतील एक विकर प्रथिनांचे आणि दुसरे स्निग्धांशाचे विघटन करते. पाणी फार गरम असले तर ती निष्प्रभ होतात. लोकर आणि रेशीम हे धागे स्वतःच प्रथिनांचे असल्यामुळे त्यांच्यासाठी ही पावडर मुळीच वापरू नये. विणलेल्या टोपड्यांचे आणि मोज्यांचे अशा धुण्याने झालेले नुकसान आम्हांला भरून काढता येत नाही. पांढऱ्या सुती कपड्यांना ऑक्सिजनयुक्त ब्लीच चालते, क्लोरीनचे नाही. त्याने लवचीक धागा पिवळा पडतो आणि कमकुवत होतो. कापड मऊ करणारे द्रावण कापडाची पाणी शोषण्याची क्षमता कमी करते, म्हणून लंगोट, दुपटी आणि पंचे यांना ते लावू नये. शीचे पिवळे डाग मात्र ओला कपडा कडक उन्हात वाळवला तरी बरेच फिके होतात, आणि या उपायाला काही खर्च येत नाही.

साध्या लाँड्रीपेक्षा आमच्याकडे वेळ अधिक का लागतो, असेही विचारले जाते. प्रत्येक कपडा आम्ही धुण्याआधी आणि वाळल्यावर उजेडात धरून पाहतो, गरज वाटल्यास पुन्हा भिजवतो आणि पूर्ण कोरडा झाल्याखेरीज बांधत नाही. घडीत थोडा जरी दमटपणा राहिला, तरी बंद पिशवीत बुरशी धरते आणि धातूची टिचबटणे गंजतात. सैल झालेले टिचबटण किंवा गुंडी आम्ही न विचारता पक्की करतो, कारण निसटलेली गुंडी प्रथम बाळाच्या तोंडात जाते. टोपी किंवा गळ्याभोवतीच्या नाड्या काढून टाकण्यापूर्वी आपल्याला विचारतो, पण त्या काढाव्यात असाच आमचा आग्रह असतो. ओढल्या गेल्यास त्यांचा गळ्याला फास बसू शकतो. घरी बांधताना वर्तमानपत्र वापरू नये आणि कपडे पुठ्ठ्याला किंवा लाकडाला थेट टेकू देऊ नयेत; त्यांतील आम्लाने कापड पिवळे पडते. धुतलेले पांढरे सुती कापड पुरेसे होते.

ज्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवल्या होत्या, ते आम्ही इतर कपड्यांबरोबर घेत नाही. याचा काहींना राग येतो, म्हणून कारण सांगतो. अनेक डांबरगोळ्या नॅप्थलीनच्या असतात. त्याची वाफ कापडात मुरते आणि श्वासावाटे व त्वचेवाटे शरीरात जाते. जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या रक्तपेशी नॅप्थलीनमुळे फुटून गंभीर कावीळ आणि रक्तक्षय होऊ शकतो, आणि आपल्या बाळात ही कमतरता आहे हे अनेकदा आईवडिलांना ठाऊकही नसते. त्यामुळे डांबरगोळ्या वापरल्या असतील तर आधी सांगावे. असे कपडे आम्ही वेगळे धुतो आणि वास पूर्ण जाईपर्यंत मोकळ्या हवेत ठेवतो. कसरीसाठी याहून सोपा उपाय म्हणजे स्वच्छ कपडा आणि घट्ट झाकणाचा डबा.

गठ्ठ्यांवर आम्ही वयाऐवजी सेंटिमीटर लिहितो. वयाची मापे प्रत्येक उत्पादकाची निराळी असतात, तर ५६, ६२, ६८ अशा आकड्यांच्या पद्धतीत तो आकडा बाळाची उंची दाखवतो. शिवाय धाकटे भावंड त्याच ऋतूत जन्मेलच असे नाही. थोरल्याचे थंडीतले सहा महिन्यांचे कपडे धाकट्याला भर उन्हाळ्यात बसू लागतात. म्हणून सगळेच ठेवण्याचा हट्ट करू नये. लवचीक पट्टी असलेले लंगोट आणि मोजे न वापरताही ढिले पडतात, ते आम्ही स्पष्टपणे परत करतो. सुती झबली आणि दुपटी मात्र तिसऱ्या भावंडापर्यंतही टिकतात.

वस्तूंबद्दल थोडक्यात. बाबागाडी, पाळणा आणि उंच खुर्ची आम्ही स्वच्छ करून, चाकांना वंगण देऊन ठेवतो. सुटे स्क्रू पिशवीत घालून त्या वस्तूलाच बांधून आणावेत, कारण तो एक स्क्रू शोधण्यात आणि जुळवण्यात आमचा अर्धा दिवस जातो. पाळण्याच्या गजांमधील अंतर साधारण ६ सेंटिमीटरपेक्षा अधिक असेल किंवा एक बाजू खाली सरकणारी असेल, तर तो आम्ही स्वीकारत नाही. अमेरिकेत अशा सरकत्या बाजूच्या पाळण्यांचे उत्पादन आणि विक्री २०११ पासून बंद आहे. मोटारीतील कार सीटवर उत्पादनाची तारीख छापलेली असते आणि उत्पादक तिचे आयुष्य बहुधा ६ ते १० वर्षे देतात. ती मुदत संपलेली किंवा मोठ्या अपघातातून गेलेली सीट वरून कितीही चांगली दिसली, तरी तिला आम्ही हात लावत नाही. सीटचे पट्टे ओल्या फडक्याने पुसावेत, साबणात भिजवू नयेत. त्याने विणीची ताकद कमी होऊ शकते.

ठेवलेले गठ्ठे परत हवे असतील, तर बाळाच्या जन्माच्या अपेक्षित तारखेपूर्वी दोन महिने कळवावे. सर्वांत लहान मापाचा गठ्ठा आम्ही आधी पाठवतो, म्हणजे घरात पुढच्या मापांची गर्दी होत नाही. गठ्ठा उघडल्यावर कपडे एकदा सौम्य पावडरीने धुऊन घ्यावेत, आणि त्या वेळी कोठे डाग दिसला तर इस्त्री न करता तो कपडा तसाच आमच्याकडे पाठवावा. आम्हीच बांधलेल्या कपड्यांची अशी दुसरी धुलाई आम्ही वेगळा आकार न लावता करून देतो.