गाभोळीतली लाखो अंडी

मराठवाड्यात सुरमई येते ती बर्फाच्या पेटीतून. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. तरी लातूर-परभणीच्या बाजारात मासा चिरताना कधी गाभोळी निघते. खसखशीसारखी बारीक अंडी, आणि मोठ्या मादीच्या पोटात ती लाखांनी. एवढी कशासाठी?

बहुतेक सागरी माशांमध्ये मीलन होत नाही. मादी अंडी आणि नर शुक्राणू थेट पाण्यात सोडतात, फलन बाहेरच होते. शुक्राणू बघता बघता पांगतात, आणि त्यांचे आयुष्यही थोडे. म्हणून सगळे काही वेळ साधण्यावर अवलंबून असते.

प्रवाळांना तर जागचे हलताही येत नाही. तरी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळांच्या लांबलचक रांगेत अनेक जातींचे प्रवाळ वर्षातल्या मोजक्या रात्री एकदम अंडी-शुक्राणू सोडतात. शास्त्रज्ञांनी हे 1984 साली जगापुढे मांडले. पाणी तापू लागले की महिना ठरतो, चंद्रावरून रात्र ठरते आणि सूर्यास्तानंतरच्या अंधारावरून घटका. आपल्या पंचांगात पाहिले तर बहुधा आश्विन किंवा कार्तिक वद्य चतुर्थी-पंचमीच्या आसपास! अंडी आणि शुक्राणू एकत्र बांधलेल्या गुलाबी गोळ्या वर तरंगत येतात, फुटतात आणि दुसऱ्या प्रवाळाच्या बीजाशी जुळतात. मेंदूच नसलेल्या जिवांचा हा नेम मला फार थोर वाटतो. शिवाय एकाच रात्री इतके खाद्य सुटले की खाणारे मासे खाऊन खाऊन किती खाणार?

सुरमईच्या अंड्यात तेलाचा थेंब असतो, त्यामुळे ते तरंगते. पिल्ले लवकर बाहेर पडतात, पण बहुतेक सगळी कोणाच्या तरी तोंडी जातात. एका जोडीमागे सरासरी दोन पिल्ले मोठी होऊन वीण चालवू शकली, तरी माशांची संख्या टिकते. लाखोंचा हिशेब तो हा.

मुशीची, म्हणजे शार्कची, रीत अगदी उलटी. आपल्याकडची लहान मुशी पिल्लांना पोटात वारेवर (नाळेच्या वारेतून) पोसते आणि मोजकीच, जिवंत पिल्ले देते. त्यामुळे मुशी बेसुमार पकडली तर तिची भरपाई सावकाश होते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, कारण पावसाळ्यात अनेक माशांची वीण चालू असते. दर्याही तेव्हा खवळलेला. त्या दोन महिन्यांत आपल्याकडे ताजी समुद्री मासोळी कमी येते आणि भाव चढतो. तेवढे दिवस गोदावरीतले, तळ्यातले रोहू-कटला खावेत. सुरमईला तेवढी सवड मिळायलाच हवी.