एक लहान रेणू, दोन प्रश्न: जनुकांचे नियंत्रण आणि पेशीतले संदेशवहन

पेशींवरचा आजचा कुठलाही शोधनिबंध उघडा. ‘अमुक संदेशमार्ग जागा झाला आणि तमुक जनुकांची अभिव्यक्ती वाढली’ अशा अर्थाचे वाक्य त्यात हमखास भेटते. आपण ते एका दमात वाचून पुढे जातो. पण त्या वाक्याचे दोन अर्धे एका घरात वाढलेले नाहीत. जनुक कधी चालू होते आणि कधी बंद, हा प्रश्न जीवाणूंवर काम करणाऱ्या आनुवंशशास्त्रज्ञांचा होता. बाहेरून आलेला निरोप पेशीच्या आत कसा पोचतो, हा प्रश्न संप्रेरकांच्या मागे लागलेल्या जीवरसायनतज्ज्ञांचा होता. दोघांची साधने वेगळी, सजीव वेगळे, विचार करण्याची रीतही वेगळी. हे दोन प्रश्न जिथे एकमेकांना भेटले तो सांधा मला या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. पाठ्यपुस्तकांत मात्र तोच दोन प्रकरणांच्या मध्ये हरवून जातो.

पहिल्या प्रश्नाची सुरुवात साखरेपासून झाली. १९४०च्या सुमारास पॅरिसमध्ये झाक मोनो जीवाणूंची वाढ मोजत होते. ई. कोलाय या जीवाणूला ग्लुकोज आणि लॅक्टोज अशा दोन साखरा एकदम दिल्या, तर वाढीचा आलेख सलग चढत नाही. आधी चढतो, मग काही काळ सपाट राहतो आणि मग पुन्हा चढू लागतो. जीवाणू आधी ग्लुकोज संपवतात, थबकतात आणि मगच लॅक्टोजला हात लावतात. त्या मधल्या थांब्यात काय चालते? मोनोंनी असे आलेख आंद्रे ल्वॉफ यांना दाखवले तेव्हा हे विकरांच्या, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांच्या, जुळवून घेण्याशी जोडलेले असावे, असे ल्वॉफ यांनी सुचवले. लॅक्टोज फोडणारे बीटा-गॅलॅक्टोसिडेझ हे विकर पेशीत आधी जवळपास नसतेच, गरज पडली की ते बनू लागते. पॅरिस तेव्हा जर्मन सैन्याच्या ताब्यात होते आणि मोनो पुढे प्रतिकार चळवळीत उतरले. तरीही हा प्रश्न त्यांनी सोडला नाही.

त्या काळची समजूत अशी होती की साखरच विकराला त्याचा आकार देते. ही कल्पना सरळ होती, पण चुकीची होती. ती मोडली पाश्चर इन्स्टिट्यूटच्या माळ्यावर. तिथल्या बोळाच्या एका टोकाला मोनो विकरांवर काम करत. दुसऱ्या टोकाला ल्वॉफ यांच्याकडे फ्रांस्वा जाकोब एका वेगळ्याच कोड्यात गुंतले होते. काही विषाणू जीवाणूच्या डीएनएत पिढ्यान्‌पिढ्या निपचित पडून राहतात आणि अतिनील किरण पडताच जागे होतात, ते कसे?

१९५७मध्ये आर्थर पार्डी अमेरिकेतून पॅरिसला आले आणि तिघांनी मिळून जो प्रयोग केला, तो मला आजही त्या काळातला सर्वांत सुरेख प्रयोग वाटतो. जीवाणूंमध्येही एका पेशीतून दुसरीत डीएनए जाऊ शकतो. लॅक्टोजचे विकर बनवणारे जनुक आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारे जनुक, दोन्ही धड असलेल्या ‘दात्या’ पेशींकडून ती ज्यांच्यात दोन्ही बिघडलेली आहेत अशा पेशींमध्ये जाऊ दिली. लॅक्टोजसारखा कुठलाही पदार्थ भोवती नसताना काही मिनिटांतच विकर बनायला लागले, आणि तासा-दोन तासांनी बनायचे थांबले. याचा अर्थ एकच निघत होता. विकर बनवायला कोणी शिकवावे लागत नाही, ते बनतेच. दुसरे जनुक सावकाश एक रोधक तयार करते आणि तो पुरेसा साठला की काम थांबते. लॅक्टोज काही चालू करत नाही, ते फक्त बंदी उठवते. अशी दुहेरी नकाराची व्यवस्था असू शकते, हे पदार्थविज्ञानातून जीवशास्त्राकडे वळलेले लिओ झिलार्ड मोनोंना आग्रहाने सांगत होते. निपचित विषाणूचे कोडेही नेमके असेच सुटते, हे १९५८च्या उन्हाळ्यात जाकोब यांच्या ध्यानात आले. बोळाच्या दोन टोकांचे प्रश्न एकच निघाले.

त्याच प्रयोगातून आणखी एक धागा निघाला. जनुक आत शिरल्यावर विकर इतक्या लवकर आणि इतक्या वेगाने बनते, तर मधला निरोप अल्पायुषी असला पाहिजे. १९६०च्या गुड फ्रायडेला केंब्रिजमध्ये सिडनी ब्रेनर यांच्या खोलीत जाकोब हे निष्कर्ष सांगत होते आणि ब्रेनर व फ्रान्सिस क्रिक यांना तिथेच उलगडा झाला: तो निरोप म्हणजे झटपट बनणारा आणि झटपट मोडणारा एक आरएनए. त्याच उन्हाळ्यात ब्रेनर आणि जाकोब कॅलिफोर्नियात मॅथ्यू मेसेल्सन यांच्याकडे गेले. प्रयोग काही केल्या जमेना, प्रथिने बनवणारे पेशीतले कण, म्हणजे रायबोसोम, सुटे होऊन पडत. द्रावणातले सीझियम रायबोसोममधल्या मॅग्नेशियमची जागा घेते आहे, हे ब्रेनर यांच्या लक्षात आले. मॅग्नेशियम वाढवले आणि प्रयोग उभा राहिला. संदेशवाहक आरएनएचा पुरावा आणि जाकोब-मोनो यांचा ऑपेरॉनचा, म्हणजे एकत्र चालू-बंद होणाऱ्या जनुकांच्या गटाचा सिद्धान्त, दोन्ही १९६१मध्ये छापून आले. १९६५चे नोबेल ल्वॉफ, जाकोब आणि मोनो यांना मिळाले. रोधक मात्र तोवर कोणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. १९६६मध्ये वॉल्टर गिल्बर्ट आणि बेन्नो म्युलर-हिल यांनी तो वेगळा काढला तेव्हा कळले की ते एक प्रथिन आहे आणि एका पेशीत त्याचे जेमतेम दहाएक रेणू असतात.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. तो यकृतात सुरू झाला. अ‍ॅड्रेनलिन रक्तात आले की यकृत साठवलेल्या ग्लायकोजेनमधून ग्लुकोज सोडते, हे माहीत होते. मधल्या पायऱ्या माहीत नव्हत्या. संप्रेरकाचा परिणाम पाहायचा तर पेशी अखंडच हवी, ती फोडली की सगळे संपले, असे तेव्हा मानले जाई. क्लीव्हलँडमध्ये अर्ल सदरलँड आणि थिओडोर रॉल यांनी यकृताच्या पेशी फोडून, त्यांच्या लगद्यावर अ‍ॅड्रेनलिन घालून हे खोटे ठरवले. लगद्यातही ग्लायकोजेन फोडणारे विकर जागे झाले. मग त्यांनी लगदा फिरवून त्याचे दोन भाग केले: पेशीपटलांचे तुकडे असलेला जड भाग आणि वरचा निवळ. नुसत्या निवळीवर अ‍ॅड्रेनलिनचा काही परिणाम होईना. पण जड भागावर अ‍ॅड्रेनलिन घातले, तो उकळला आणि त्यातून निघालेले द्रव निवळीत मिसळले, तर विकर जागे झाले. म्हणजे संप्रेरक आत जातच नाही. ते पटलाशी थांबते आणि पटल एक लहानसा, उकळूनही न बिघडणारा रेणू आत सोडते.

हा रेणू कोणता, हे कळले त्यात टपालाचाही वाटा आहे. सदरलँड यांनी न्यूक्लिओटाइडांचे, म्हणजे डीएनए-आरएनए ज्यांचे बनतात त्या घटकांचे जाणकार लिऑन हेपेल यांना या अनोळखी पदार्थाविषयी लिहिले. डेव्हिड लिपकिन नावाच्या रसायनशास्त्रज्ञांनाही पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या रेणूवर बेरियम हायड्रॉक्साइडची क्रिया करताना एक अनोळखी पदार्थ मिळाला होता आणि त्यांनीही हेपेल यांनाच लिहिले. दोन्ही पत्रांत एकच पदार्थ आहे, हे हेपेल यांनी ओळखले. तो होता सायक्लिक एएमपी. संप्रेरक हा पहिला दूत आणि सायक्लिक एएमपी हा आतला दुसरा दूत, ही कल्पना इथून रुजली. सदरलँड यांना १९७१मध्ये नोबेल मिळाले.

१९६५पर्यंत या दोन कहाण्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. त्या वर्षी मॅकमन आणि सदरलँड यांनी संप्रेरके नसलेल्या ई. कोलायमध्ये सायक्लिक एएमपी शोधला. तो तिथे होता. इतकेच नाही, जीवाणूला ग्लुकोज मिळत असले की तो कमी होई आणि ग्लुकोज संपले की वाढे. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी मोनोंच्या आलेखात जिथे सपाट रेषा होती, नेमके तिथे यकृतात सापडलेला हा रेणू उभा होता. रॉबर्ट पर्लमन आणि आयरा पास्टन यांनी ग्लुकोज असतानाच सायक्लिक एएमपी बाहेरून पुरवला, तर लॅक्टोजचे विकर पुन्हा बनू लागले. १९७०च्या सुमारास यंत्रणा स्पष्ट झाली. सायक्लिक एएमपी एका प्रथिनाला चिकटतो, ती जोडी लॅक्टोज जनुकांच्या सुरुवातीजवळ डीएनएला धरते आणि आरएनए बनवणाऱ्या विकराला तिथे ओढून आणते. मोनोंच्या थांब्याचे पूर्ण स्पष्टीकरण एवढ्यावर होत नाही. ग्लुकोज असताना लॅक्टोजला आत येण्यापासूनच अडवले जाते आणि त्याचा वाटा मोठा आहे, हे नंतर दिसले. तरी भुकेचा निरोप रेणूच्या रूपाने जनुकाच्या दारापर्यंत जाताना दिसला तो पहिल्यांदा इथे.

प्राण्यांच्या पेशीत याच रेणूने वेगळी वाट धरलेली आहे. तिथे डीएनए केंद्रकात असतो आणि सायक्लिक एएमपी स्वतः त्याच्यापाशी जाऊन काही करत नाही. सिॲटलमध्ये एडविन क्रेब्स आणि एडमंड फिशर यांनी १९५०च्या दशकात दाखवले होते की प्रथिनावर फॉस्फेटचा गट चढवून त्याला जागे करता येते आणि उतरवून झोपवता येते. १९६८मध्ये क्रेब्स यांच्याच प्रयोगशाळेत सायक्लिक एएमपीने जागे होणारे, फॉस्फेट चढवणारे विकर सापडले. हे विकर केंद्रकात शिरते हे पुढे दिसले. तिथे ते कोणाला गाठते? मार्क माँटमिनी आणि सहकाऱ्यांनी १९८६मध्ये सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाच्या जनुकाजवळ सायक्लिक एएमपीला प्रतिसाद देणारी डीएनएची खूण शोधली. पुढच्या वर्षी तिला चिकटणारे क्रेब (CREB) हे प्रथिन शोधले; या नावाचा क्रेब्स यांच्याशी संबंध नाही. १९८९मध्ये त्या प्रथिनातल्या १३३व्या जागेवरच्या सेरिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढला की जनुक जागे होते, हेही दाखवले. पटलापासून जनुकापर्यंतची साखळी कडी-कडीने जुळली.

या साखळीचे मोल एरिक कँडेल यांच्या कामात जाणवते. अ‍ॅप्लिसिया या समुद्री गोगलगाईत अल्पकाळाची आठवण सायक्लिक एएमपीवर चालते, हे त्यांच्या गटाने १९७०च्या दशकात दाखवले होते. १९९०मध्ये त्यांनी क्रेब ज्या खुणेला चिकटतो तिचेच सुटे तुकडे चेतापेशीच्या केंद्रकात टोचले. क्रेब त्या तुकड्यांत अडकून पडला. चेतापेशींच्या जोडणीत होणारा थोड्या वेळाचा बदल शाबूत राहिला, दीर्घकाळ टिकणारा मात्र होईना. जीवाणूला साखर बदलायला सांगणारा रेणू इथे आठवण टिकवण्यासाठी जनुके जागी करतो. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी बराच वेळ पुढचे पान उलटले नव्हते.

सगळे निरोप याच वाटेने जातात असे नाही. १९६०मध्येच क्लेव्हर आणि कार्लसन यांनी कायरोनोमस माशीच्या अळीत एकडायसोन हे संप्रेरक टोचले आणि तिच्या अवाढव्य गुणसूत्रांवर ठरावीक जागी फुगवटे उठताना सूक्ष्मदर्शकातून पाहिले. स्टेरॉइड जातीची संप्रेरके पटल ओलांडून आत जातात आणि त्यांचा ग्राही, म्हणजे त्यांना पकडणारे प्रथिनच, डीएनएला धरतो, हे नंतर उलगडले.

तिसरी तऱ्हा रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६मध्ये उजेडात आणली. प्रतिपिंडाच्या एका जनुकाजवळ चिकटणारे एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन त्यांना आधी फक्त प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींत दिसले. मग इतर पेशींना योग्य उत्तेजन दिले, तर तिथेही ते दिसू लागले, आणि तेही नवी प्रथिने बनणे औषधाने रोखलेले असताना. म्हणजे ते आधीच तयार होते, फक्त बांधून ठेवलेले होते. १९८८मध्ये त्याला केंद्रकाबाहेर धरून ठेवणारे प्रथिनही सापडले. दाह आणि संसर्ग यांवरचे आजचे केवढे तरी संशोधन या एका बंधनाभोवती फिरते.

कर्करोगाचा धागाही इथेच येऊन मिळतो. कोंबड्यांत गाठी करणाऱ्या राऊस विषाणूचे सार्क जनुक मुळात धडधाकट पेशीतलेच आहे, हे मायकल बिशप आणि हॅरल्ड व्हार्मस यांच्या गटाने १९७६मध्ये दाखवले. असे जनुक करते काय, याचा मोठा दुवा १९७९मध्ये टोनी हंटर यांना मिळाला. पॉलिओमा विषाणूच्या प्रथिनावर काम करताना त्यातली अमिनो आम्ले वेगळी करायला त्यांनी जुने झालेले द्रावण वापरले. त्याचा सामू (आम्लता दाखवणारा आकडा) १.९ऐवजी १.७वर उतरला होता आणि त्यामुळेच आजवर एकात एक मिसळून दिसणारे दोन ठिपके वेगळे झाले. फॉस्फेट सेरिन आणि थ्रिओनिनवरच नव्हे, टायरोसिनवरही चढतो, हे असे कळले. सार्कचेही काम तेच निघाले. वाढीचा निरोप देणारी ही यंत्रणा सतत चालू राहिली की पेशी थांबत नाही. अशाच एका बेलगाम टायरोसिन विकराला अडवणाऱ्या इमॅटिनिब या औषधाला २००१मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाचे स्वरूपच बदलून गेले.

एकेका जनुकाऐवजी हजारो जनुकांची अभिव्यक्ती एकदम मोजणारे मायक्रोॲरे १९९५मध्ये आले, एकेका पेशीतल्या सगळ्या आरएनएचे वाचन २००९मध्ये. पण विचार बदलला तो जिवंत पेशी सलग पाहता येऊ लागल्यावर. २००४मध्ये दिसले की उत्तेजन मिळाल्यावर एनएफ-कप्पा-बी केंद्रकात एकदाच जाऊन बसत नाही, त्याची आत-बाहेर ये-जा चालू राहते, आणि शेजारच्या दोन पेशींत ती एका तालात नसते. निरोपाच्या मजकुराइतकीच त्याची वेळही जनुकांना कळते.

आणि सायक्लिक एएमपी? त्याने एक अवघड प्रश्न मागे ठेवला आहे. हृदयाच्या स्नायूत दोन वेगळी द्रव्ये सायक्लिक एएमपी सारखाच वाढवतात, पण आकुंचनाचा जोर त्यांपैकी एकानेच वाढतो, हे १९७०च्या दशकाच्या अखेरीस दिसले होते. एकच रेणू वेगवेगळे निरोप कसे नेतो? उत्तर त्याच्या जागेत असावे, हे तेव्हापासून सुचवले जात होते. पण इतका लहान रेणू क्षणात पेशीभर पसरेल, अशी शंकाही तितकीच रास्त होती. २०२०मध्ये निघालेल्या मोजमापांनुसार शांत पेशीतला बहुतेक सायक्लिक एएमपी मोकळा नसतोच, तो प्रथिनांना धरून असतो. त्यामुळे त्याला मोडणारी विकरे स्वतःभोवती नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागांत, मोजाव्या लागणाऱ्या इवल्या जागेत त्याचे प्रमाण उतरवून ठेवू शकतात. अशा कोणत्या कोपऱ्यातला निरोप केंद्रकापर्यंत जातो आणि कोणता वाटेतच विरतो, हे पेशीच्या एकेका प्रकारात तपासण्याचे काम सध्या चालू आहे.