सायलेन्सर बदलायला गाडी लावण्याआधी

आमच्याकडे येणारे बरेच जण आधी मोबाइल पुढे करतात. त्यावर अमेरिकन व्ही-८ मस्टँगची क्लिप. "असा आवाज पाहिजे." बाहेर उभी असते चार सिलिंडरची १.२ पेट्रोल. हे काम आमच्याकडून होणार नाही, आणि करून देतो म्हणणाऱ्याकडे पैसे घालवू नका. त्या व्ही-८ मध्ये एका बाजूच्या चार सिलिंडरांचे स्फोट सारख्या अंतराने होत नाहीत. त्या लंगडत्या ठेक्यातून ती गुरगुर येते. तुमच्या इंजिनात क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट, घड्याळासारखा. पट्टी इंजिन ठरवतं. खर्ज किती ठेवायचा आणि किरकिर किती गाळायची, एवढंच आमच्या हातात.

तीन सिलिंडरवाल्यांनी नाराज होऊ नये. नीट पाइप बसवला तर त्यांचा आवाज कित्येकदा चार सिलिंडरपेक्षा गोड लागतो. टर्बो असेल तर त्याचं टर्बाइन (धुराच्या झोताने फिरणारं चाक) बराचसा आवाज आधीच खातं, त्यामुळे तिथे थोडं मोकळं करायला वाव असतो. डिझेलला मात्र आम्ही सरळ नाही म्हणतो. खडखड वाढण्यापलीकडे काही हाती लागत नाही.

सगळ्यात जास्त तक्रारी घुमाऱ्याच्या, म्हणजे गाडीच्या आत सतत घुमणाऱ्या आवाजाच्या. गॅरेजमध्ये रेस करून आवाज ऐकला, आवडला, पैसे दिले. मग एक्सप्रेसवेला लागल्यावर पनवेल येईपर्यंत डोकं धरलं. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेऱ्या) सेकंदाला १०० स्फोट करतं. ही खालची कंपनं केबिनमधल्या हवेशी जुळली की काचा बंद असताना कानावर दाब येतो, मागच्या सीटवर जास्तच. सायलेन्सरचा डबा आणखी मोठा लावून हे हमखास जात नाही. आम्ही मेन पाइपला बंद टोकाची एक नळी जोडतो. लाट तिच्या टोकाला आपटून परत येते तेव्हा नेमकी उलटी असते आणि मूळ लाटेला मारते. नळी साधारण मीटर-सव्वा मीटरची लागते, पण नेमकी लांबी तुमची गाडी कितीला घुमते त्यावर. म्हणून आधी तुमच्यासोबत एक चक्कर मारतो. घरचं कुणी मागे बसलं तर उत्तम. खरी तक्रार तेच सांगतात.

फाटका, पत्र्यासारखा आवाज येतो तो बहुतेक वेळा रेझोनेटर (पाइपातला सायलेन्सरखेरीजचा छोटा डबा) कापून सरळ पाइप टाकल्याने. वरच्या पट्टीची किरकिर तोच गाळत असतो. स्वस्त डब्यात आतली काचेची लोकर नीट भरलेली नसते. सुरुवातीला आवाज गोल वाटतो, लोकर जळून उडाली की डबा रिकामा. बेंडही बघून घ्या: वळणावर पाइप चपटा झाला असेल तर वायू तिथेच अडतो. आणि छोट्या इंजिनाला अडीच इंची पाइप घालू नका. आवाज पोकळ होतो, खालचा पिकअपही मंदावतो.

३०४ स्टीलचे (चुंबकाला सहसा न चिकटणाऱ्या स्टेनलेसचे) पैसे मोजले असतील तर चुंबक लावून पाहा. वेल्डिंगपाशी किंवा बेंडवर किंचित ओढला गेला तर चालतं. घट्ट चिकटला तर ते ४०९ (चुंबकाला चिकटणारं, स्वस्तातलं स्टेनलेस) असण्याची शक्यता जास्त. ४०९ वाईट नाही, कंपनीच्या पाइपातही वापरतात, पण भाव वेगळा.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) आम्ही काढत नाही, आतली जाळीही फोडत नाही. कितीही आग्रह करा. मोटार वाहन नियमांप्रमाणे सायलेन्सर सक्तीचा आहे, आणि आवाज-प्रदूषणाची मर्यादा मोडली तर कायद्यात पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, शिवाय तीन महिने लायसन्स जाण्याची तरतूद आहे. फटाके फोडणारं ट्यूनिंगही आमच्याकडे होत नाही. आमच्या वरच्या मजल्यावर माणसं राहतात.

नवा डबा घेण्याआधी लीक तपासून घ्या. कित्येक गाड्यांचं काम एका गॅस्केटमध्येच (पाइपाच्या जोडातल्या चकतीत) भागतं. थंड गाडी चालू करून मागच्या पाइपावर जाड ओलं फडकं क्षणभर धरलं की जोडापाशी फसफस ऐकू येते. जुना लीक असेल तर तिथे काजळीचा काळा डागही दिसतो. यासाठी गाडी रात्री आमच्याकडे लावून जा, सकाळी तुमच्यासमोरच चालू करू.