हौशी ध्वनिमुद्रण, प्रत्यक्ष कार्यक्रमांचे (सोलापूर परिसर)

चालू कार्यक्रमात श्रोत्याने स्वतःच्या यंत्रावर, केवळ आवडीपोटी केलेले ध्वनिमुद्रण. त्यामागे ना कंपनी असते, ना आकाशवाणी. कलावंताची परवानगी असलीच तर तोंडी, पुष्कळदा तीही नाही. युरोप-अमेरिकेत पंक (रॉक संगीताचा एक आक्रमक प्रकार) आणि लोकसंगीताच्या छोट्या कार्यक्रमांचा मोठा साठा अशा रसिकांमुळेच मागे राहिला. सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांत ही हौस शाहिरी, भजन-भारूड, ढोलकीची लावणी, भीमगीते, कव्वाली आणि धनगरी ओवी यांच्या मागे फिरली. गाणी वेगळी, पण रसिकाची गरज तीच : आज जे झाले ते उद्या तसेच होणार नाही आणि ते टिपायला दुसरे कोणी येणार नाही.

पूर्वपीठिका. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा ग्रंथपाल लायोनेल मेपलसन याने १९०१ ते १९०३ या काळात मेणाच्या नळकांड्यांवर चालू प्रयोगांचे तुकडे टिपले. या प्रकारातले ते फार जुने नमुने होत. १९४७-४८ मध्ये डीन बेनेडेट्टी हा सॅक्सोफोनवादक जॅझवादक चार्ली पार्करच्या मागे यंत्र घेऊन फिरला. पार्करचे वादन सुरू झाले की यंत्र चालू, इतरांची पाळी आली की बहुतेक वेळा बंद. भक्ती म्हणावी ती ही. साथीदारांवर मात्र अन्यायच. १९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणल्यावर हा छंद सामान्य माणसाच्या खिशात मावू लागला. ग्रेटफुल डेड या अमेरिकी वाद्यवृंदाने १९८४ पासून मुद्रण करणाऱ्यांसाठी प्रेक्षागृहात जागाच राखून ठेवली. वॉशिंग्टनच्या फुगाझी या पंक वाद्यवृंदाचे आठशेंहून अधिक कार्यक्रम मुद्रित झाले. ते मुख्यतः त्यांच्याच ध्वनितंत्रज्ञांनी केले आणि २०११ पासून इंटरनेटवर खुले होऊ लागले.

आपल्याकडे १९०२ साली ग्रामोफोन आला तो तीन मिनिटांची तबकडी घेऊन. लावणी असो की पोवाडा, तेवढ्यात बसवायचा. पुढे कॅसेट कंपन्यांनी वेळ वाढवून दिली, पण बाजाराला हवे होते सुटे गाणे. गण, गौळण, बतावणी, सवाल-जवाब हा रात्रभराचा क्रम अखंड विकायला कोण बसणार? तो ठेवला असेल तर मांडवात मांडी घालून बसलेल्या एखाद्या हौशी माणसाने.

सोलापूरची पार्श्वभूमी. पेशवाईच्या अखेरच्या काळातले शाहीर राम जोशी सोलापूरचे. त्यांच्या लावण्यांचे शब्द छापून राहिले. त्यांनी त्या कशा गायल्या, कुठे थांबले, कोणत्या ओळीला दाद मिळाली, हे कळण्याचा मार्ग नाही. शाहीर अमर शेख (१९१६–१९६९) बार्शीचे, विठाबाई नारायणगावकर यांचा जन्म पंढरपूरचा. जिल्ह्यात मोडनिंबची कलाकेंद्रे, अकलूजची लावणी स्पर्धा, पंढरपूरच्या वाऱ्या, आणि दिवाळीच्या अमावास्येला हुलजंतीला भरणारी महालिंगरायाची यात्रा. शहरात जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, एप्रिलात आंबेडकर जयंती, श्रावणात मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव. १८७७ च्या जुन्या गिरणीपासून शहर कामगारांचे झाले. यंत्रमागांवर तेलुगू बोलणारा पद्मशाली समाज आला, कन्नड शेजारी आधीपासून होतेच, दखनी बोलणारे मोहल्लेही. त्यामुळे इथल्या एकाच कॅसेटवर अभंग मराठीत, मागची कुजबुज कन्नडमध्ये आणि सूचना तीन भाषांत, असे सहज घडते.

तंत्र. दोन वाटा आहेत. पहिली, टेपरेकॉर्डर स्टेजच्या कडेला किंवा कर्ण्यापासून थोडा दूर ठेवून त्याच्याच माईकवर आवाज घ्यायचा. दुसरी, साऊंडवाल्याला गाठून त्याच्या ॲम्प्लिफायरमधून वायर काढून घ्यायची. दुसरीत आवाज स्वच्छ येतो म्हणून नवखा माणूस तिच्यामागे लागतो. गोम अशी की वायरीतून तेवढेच येते जे माईकमध्ये जाते. हलगीला किंवा संबळाला माईकची गरज नसते, म्हणून ती वाद्ये अशा कॅसेटवर जवळजवळ नसतातच. शाहीर ठणठणीत, साथ गायब, आणि टाळ्या दुसऱ्या गावात पडल्यासारख्या. पंकच्या छोट्या हॉलमध्येही नेमके हेच होते : गिटार आणि ड्रम स्टेजवरूनच कानठळ्या बसवतात, मिक्सरमध्ये फक्त गायकाचा आवाज जातो. म्हणून दोन्हीकडचे जाणकार श्रोत्यांत बसून केलेले मुद्रण खाली टाकत नाहीत. दोन यंत्रे असतील तर दोन्ही घेऊन नंतर जुळवणे उत्तम, पण दोन टेपांचा वेग कधी तंतोतंत सारखा नसतो आणि पाच मिनिटांत हलगी दुहेरी वाजू लागते.

साध्या एकमाईकी रेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी यंत्र स्वतः ठरवते. त्याची खूण लगेच ओळखू येते. हलगीचा कडाका बसला की पुढचा क्षणभर सगळे दबते, मग गायकाचा आवाज हळूहळू वर येतो. तोवर ओळीचा पहिला शब्द गेलेला असतो. शांत जागी उलट होते. एकतारीवर भजन सुरू असताना दोन ओळींच्या मध्ये यंत्र आवाज शोधत राहते आणि खोकला, बांगड्या, लांबून जाणारी मालगाडी असे सगळे पुढे आणून ठेवते.

कॅसेट बदलणे हा वेगळाच ताप. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूस पंचेचाळीस मिनिटे. सवाल पहिल्या बाजूच्या शेवटी आणि जवाब उलटवाउलटवीत गेला, असे दुःख बहुतेक संग्रहांत सापडते. एकशेवीसची कॅसेट घ्यावी तर तिची फीत इतकी पातळ की उन्हाळ्यात ती यंत्रात गुंतण्याची भीती.

मुद्रणात काय ऐकू येते. कंपनीचा संपादक जे कापतो ते सगळे. आधी ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग’. मग कर्ण्याची शिट्टी. मग जवळच कोणाचा तरी दबका प्रश्न, ‘बटन दाबलास का बे?’ पोवाडा ऐन रंगात आला असताना साथीदार हात वर करतो आणि बक्षीस पुकारले जाते : अमुक गल्लीच्या अमुक मंडळाकडून शाहिरांना एकावन्न रुपये. ढोलकी एक थाप देते, शाहीर देणाऱ्याचे नाव ओळीत गुंफून पुढे जातो. लावणीच्या फडात याचेच दौलतजादा होते आणि त्या दाव्याप्रतिदाव्यात गाणे लांबते, वळते, कधी शब्दच बदलतात. ही ओळ छापील पुस्तकात नाही, तबकडीवर नाही. ती त्या रात्रीपुरती जन्मली.

अभ्यासकाला इथे गाण्याइतकीच भोवतालची माहिती मिळते. बक्षिसाची रक्कम काय होती, मंडळांची नावे काय, लाइट गेल्यावर मंडळींनी बिनमाईकचे काय गायले. यात्रेत हरवलेल्या मुलाची सूचना मध्येच येते तेव्हा तिचा क्रमही बोलका असतो, आधी मराठी की आधी कन्नड. भारुडात सोंग घेणारा कलावंत समोरच्या गावकऱ्याला नावाने हाक मारतो आणि हशा पिकतो. तो हशा कशाचा, हे आज सांगणारे थोडेच असतात. ध्वनीच्या दर्जावरून अशा कॅसेटला नाक मुरडणाऱ्यांनी तिच्याकडे गाणे म्हणून पाहिलेले असते, घटना म्हणून नव्हे.

त्यामुळे कॅसेटवरची चिठ्ठी फितीइतकीच मोलाची. ‘भजन, चांगले’ एवढेच लिहिलेली कॅसेट जवळजवळ निनावी. गाव, तिथी, निमित्त, मंडळ, पखवाजावर कोण, पेटीवर कोण, एवढे असले की ती कागदपत्रांत मोजता येते. साल नसले आणि तिथी असली तरी निमित्तावरून पुष्कळ वेळा काळ काढता येतो.

कायदा. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचे हक्क आले (कलम ३८). कार्यक्रमाचे मुद्रण करायला त्याची संमती लागते. हा हक्क आधी पंचवीस वर्षे होता, १९९९ च्या दुरुस्तीने तो पन्नास वर्षांचा झाला. मुदत कार्यक्रमानंतरच्या वर्षारंभापासून मोजतात. स्वतःच्या खासगी वापरासाठी, किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेले मुद्रण कलम ३९ मुळे हक्कभंगात मोडत नाही. म्हणजे घरी ऐकायला केलेली कॅसेट चालते, तिच्या प्रती काढून यात्रेत विकणे चालत नाही. गीतकाराचा हक्क आणखी वेगळा. फडाच्या मालकांचा आक्षेप मात्र कायद्याहून जुना आणि साधा आहे : कॅसेट घरोघरी गेली तर तिकीट कोण काढणार? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

जतन. सोलापूरच्या कोरड्या हवेत बुरशीचा त्रास किनारपट्टीपेक्षा कमी. वैरी आहे तो उन्हाळा. पत्र्याच्या घरातल्या माळ्यावर ठेवलेल्या कॅसेटचे कवच वाकते. फितीला मागून दाब देणारी लोकरीची इवलीशी गादी गोंद सुकून गळते, मग आवाज दबका येतो आणि ऐकणारा फीतच खराब झाली असे समजून कॅसेट टाकून देतो. स्क्रूचे कवच असेल तर फीत काढून दुसऱ्या चांगल्या कवचात घालता येते. चिकटवलेले कवच जपून फोडावे लागते. वाजवण्यापूर्वी हेड (यंत्रातला फीत वाचणारा भाग) स्पिरिटने पुसावे आणि त्याचा कोन त्या कॅसेटनुसार जुळवून घ्यावा, कारण मूळ मुद्रण कोणत्या वाकड्या हेडवर झाले ते कोणास ठाऊक. संगणकावर उतरवताना ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटची वेव्ह फाइल ठेवतात. तिला स्टिरिओत तासाला सुमारे दोन जीबी जागा लागते. एमपीथ्री फक्त वाटण्यासाठी. ‘आवाज साफ’ करण्याचा मोह उतरवलेल्या मूळ फाइलवर करू नये. खरखरीबरोबर टाळांची झणकारही जाते. कवचाच्या मागच्या कडेचे दोन प्लास्टिकचे कान तोडलेली कॅसेट पुन्हा भरली जात नाही. पण त्या भोकांवर चिकटपट्टी लावून जुन्या शाहिरीवर नवे लग्न भरल्याची उदाहरणे घरोघर आहेत, म्हणून लग्नाच्या कॅसेटीही शेवटपर्यंत ऐकाव्यात : लग्न संपल्यावर उरलेल्या फितीवर पोवाड्याचा शेवट राहिलेला असू शकतो.